नऊचा उजेड आणि बाराचा

अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात सिनेमाची फिल्म छापण्याचा कारखाना होता. मी तिथे साडेसहा वर्षं काम केलं. आज कोणाला सांगितलं तर पटत नाही, कारण सिनेमा म्हटलं की लोकांना मुंबई, पुणे, कोल्हापूर आठवतं. पण वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि सिनेमे अजून मुके होते, त्या काळात आमच्या गावच्या एका फोटोग्राफरला ही हौस सुचली. मुंबईची एक कंपनी मोडली तेव्हा तिथलं छपाईचं यंत्र त्यांनी उचलून आणलं आणि यंत्राबरोबर ते चालवणारा माणूसही आणला. फोटोग्राफरला आम्ही शेठ म्हणायचो आणि त्या माणसाला मास्तर.

माझं माहेर फुलांचं. माहेरची माणसं शेवंती, गुलाब, मोगरा लावायची आणि हार करून बाजारात बसायची. लग्नानंतरही मी हार करतच होते. माझा नवरा कारखान्याचं तेलावरचं इंजिन चालवायचा. त्या बाजूला अजून गावची वीज आली नव्हती, म्हणून इंजिनावर डायनामो फिरवून दिवे लावत. शेठ एकदा म्हणाले, फिल्मचे तुकडे जोडायला हलक्या हाताचं माणूस पाहिजे, पुरुषांच्या बोटांनी फिल्म दुमडते. नवरा म्हणाला, "माही बायको सुईदोऱ्याच्या कामाले पक्की आहे. पाहा लावून." अशी मी चोवीस वर्षांची असताना तिथे लागले. चौथीपर्यंत शिकले होते. आकडे वाचता येत होते, आणि पुढे सगळं काम आकड्यांचंच निघालं.

मास्तर अकोल्याचे. वय पंचावन्नच्या आसपास. वीस वर्षं मुंबईत काढली होती तरी बोलणं अकोल्याचंच राहिलं होतं. बायको अकोल्याला घरी, आणि ते आठवडाभर गोदामामागच्या खोलीत. शनिवारी गाडीने जायचे, सोमवारी परत. धोतर नेहमी धुतलेलं, डोक्यावर काळी टोपी. फिल्म कधी मधे धरायचे नाहीत, फक्त कडेने. माझी पहिल्या महिन्यातली सगळी शिकवण त्या एका गोष्टीची होती.

जोडकाम जमल्यावर त्यांनी मला आपल्या टेबलाशी बसवलं. टेबलाला एक चौकोनी भोक होतं, त्यावर दुधी काच आणि खाली दिवा. मास्तर काचेवर निगेटिव सरकवत जायचे. कॅमेऱ्याने प्रत्येक तुकडा वेगळ्या उजेडात घेतलेला असतो. कुठे ऊन, कुठे झाडाखालची सावली, कुठे ढग. निगेटिव कुठे दाट उतरते, कुठे पातळ. सगळी एकाच उजेडात छापली तर पडद्यावर माणूस दाराबाहेर काळा आणि दाराच्या आत पांढराफटक दिसेल. म्हणून प्रत्येक तुकड्याला छापताना किती उजेड द्यायचा ते आधी ठरवावं लागतं. यंत्राच्या दिव्याला एक ते अठरा अशा पायऱ्या होत्या. दाट निगेटिवला वरचा आकडा, पातळ निगेटिवला खालचा. उजेड जास्त पडला की छापलेलं चित्र काळं होतं, कमी पडला की फिकं. मास्तर बघून आकडा बोलायचे, मी कार्डावर लिहायची, आणि तुकडा बदलतो तिथे निगेटिवच्या कडेला चिमट्याने खाच पाडायची. छापताना ती खाच यंत्रात आली की घंटी वाजायची आणि मूठ पुढच्या आकड्यावर सरकवायची. तेही काम पुढे माझ्याकडे आलं.

"आभाय पाहू नको," मास्तर सांगायचे. "झाड पाहू नको. माणसाचा चेहरा पाह्य. लोकं चेहरा पाहाले येतात."

आणि भराभर आकडे सांगत जायचे. "अकरा. तेरा. नऊ. परत नऊ. दहा." तीन वर्षं त्यांचा आकडा चुकलेला मी पाहिला नाही.

चौथ्या वर्षी चित्रं काळी येऊ लागली.

आधी कोणाच्या ध्यानात आलं नाही. आमच्या प्रिंटा गावोगाव तंबूत सिनेमा दाखवणारे तंबूवाले नेत. मूर्तिजापूर, दर्यापूर, बाजाराचे गाव, जत्रा. तंबूतला दिवा काही फार चांगला नसायचा, त्यामुळे काळं चित्र त्यावरच खपून गेलं. मग उन्हाळ्यात बार्शीटाकळीकडे तंबू लावणारा एक माणूस पेटी घेऊन परत आला. त्याने ती मास्तरांसमोर ठेवली.

"मास्तर, तुमच्या चित्रात भर दुपारी अंधार पडून राहिला. लोकं मले विचारतात, बाई कोठी आहे? मी म्हणतो, आहे तिथीच, झाडाजवळ. त्यायले झाडही दिसत नाई."

मास्तर चिडले नाहीत. त्यांनी चित्र भिंतीवर लावून पाहिलं आणि म्हणाले, "हे इंजिनाचं काम आहे. इंजिन ढिलं चालते. दिव्याले जोर भेटत नाई."

शेठनी माझ्या नवऱ्याला बोलावलं. नवऱ्याने इंजिन उघडलं, साफ केलं, पट्टा बदलला. पुढची प्रिंट तशीच. परत उघडलं. शेठ दुसऱ्यांदा बोलले ते सगळ्यांसमोर बोलले आणि जरा जास्तच बोलले. पोळ्याच्या सुमारास त्यांनी सांगितलं की अकोल्याच्या एका जिनातल्या इंजिनवाल्याशी बोलणं चालू आहे. पुढच्या महिन्यात तो येईल.

नवरा घरी येऊन जेवला नाही. म्हणाला, "विजेच्या जोराचा काटा मी नजरेसमोर ठेवून बसतो. जरा हालला तरी मले समजते. इंजिनात काई नाई."

दुसऱ्या दिवशी छापताना माझ्या मनात एक गोष्ट आली आणि मग ती जाईना. इंजिन ढिलं असेल तर छापण्याचा दिवाही मंद होईल. उजेड कमी पडेल. कमी उजेडात छापलेलं चित्र फिकं यायला हवं. आमची तर काळी येत होती. म्हणजे उजेड कमी नव्हता, जास्त होता. दुपारच्या सुट्टीत मी एक प्रिंट घेऊन अंगणात आले आणि उन्हात धरून पाहिली. तिथे इंजिनाचा संबंध नव्हता. हातातलं चित्रच काळं होतं. छापलेली फिल्म औषधात जास्त वेळ राहिली तरी काळी होते, पण धुणारी माणसं घड्याळ लावून धुवायची, त्यांची वेळ बदलली नव्हती. औषधही तेच.

आमच्याकडे आगगाडी स्टेशनात शिरते असा एक तुकडा होता. शेठनी मूर्तिजापूरला घेतलेला. कोणत्याही गोष्टीत कोणी परगावी गेलं की तोच तुकडा जोडायचा. जुनी कार्डं तारेला ओवून भिंतीवर टांगलेली असत. मी एकेक काढून पाहिलं. पहिल्या वर्षी त्या तुकड्याला नऊ. दुसऱ्या वर्षी नऊ. तिसऱ्या वर्षी एकदा नऊ, एकदा दहा. या वर्षी अकरा, आणि गेल्या महिन्यात बारा. निगेटिव तीच. आकडे सगळे माझ्याच अक्षरातले होते, आणि लिहिताना मला काही समजलं नव्हतं.

निगेटिव दाट झाली नव्हती. मास्तरांना ती दाट दिसत होती.

त्यानंतर मी त्यांच्याकडे पाहू लागले. ते जिन्यावर पाय चाचपून टाकायचे. संध्याकाळी दिव्याकडे बघताना हात आडवा धरायचे. माझं कार्ड तपासायला मागायचे ते त्यांनी कधीचं सोडलं होतं. मी समजत होते की माझ्यावर भरवसा बसला.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "शेठले सांगतलं तर मास्तर जातील. नाई सांगतलं तर मी जाईन."

"मास्तरांनाच सांगते," मी म्हटलं.

"काय सांगशीन? तुमाले दिसत नाई म्हून?"

दुसऱ्या दिवशी मी सांगायचं ठरवून गेले. मास्तर काचेपाशी बसले. पहिला तुकडा सरकवला आणि म्हणाले, "तेरा." मी तोंड उघडलं आणि कार्डावर दहा लिहिलं. मग पुढच्यालाही तीन कमी. पूर्ण रीळ तसंच केलं. छापून, धुऊन, वाळवून भिंतीवर लावलं तेव्हा माणसांना चेहरे होते.

शेठ खूश झाले. नवऱ्याला म्हणाले, "आता कसं इंजिन लागलं!" अकोल्याच्या माणसाचं नाव परत निघालं नाही. मास्तर म्हणाले, "मी सांगतलंच होतं." नवऱ्याने मान हलवली आणि इंजिनाकडे निघून गेला. त्या शाबासकीचा त्याला राग होता, पण त्याची नोकरी तिनेच वाचली होती.

मला वाटलं होतं, एकदोन महिने. मग मास्तर स्वतःच काही बोलतील. ते बोलले नाहीत आणि मीही नाही. दिवाळी गेली. हिवाळा गेला. तीनने भागेना, मग चार कमी करू लागले, मग पाच. पण फरकही सारखा राहिला नाही. काही तुकड्यांना ते चौदा म्हणायचे तिथे नऊ लागायचे, काहींना बारा लागायचे. शेवटी मी त्यांचा आकडा ऐकणंच सोडलं. त्यांच्या खांद्यावरून काचेकडे बघायची आणि मला वाटेल तो आकडा लिहायची. ते बोलत राहायचे, मी लिहीत राहायची, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध नसायचा. हे मला आवडत होतं, हेही सांगितलं पाहिजे. काचेवरचा काळा चेहरा छापल्यावर किती उजळ निघेल हे मला आधीच समजू लागलं होतं. सुरुवात नवऱ्याच्या नोकरीसाठी केली होती. माघापर्यंत ती गोष्ट मागे पडली होती.

त्या वर्षी शेठनी स्वतःचं मोठं चित्र काढलं होतं. आठ रिळं. एक गवळ्याची मुलगी आणि जंगलातला एक नाकेदार. सगळं चिखलदऱ्याला घेतलेलं, धुकं, कडे, कॉफीची झाडं. सहाव्या रिळात रात्र होती. रात्र म्हणजे दिवसाच घेतलेली. त्या काळी रात्रीचा भाग छापून झाला की ती फिल्म निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवत. घरातला दिवा असेल तर पिवळ्या पाण्यात, आग असेल तर लाल. लोकांना ते माहीत असायचं. पडदा निळा झाला की तंबूत बायका मुलांना जवळ घ्यायच्या.

रंग कालवणं मास्तर कोणाला करू देत नसत. फाल्गुनातली सकाळ होती. त्यांनी निळ्याची पूड पाण्यात टाकली, कोऱ्या फिल्मची पट्टी बुडवली, दाराच्या उजेडात धरली.

"चढला नाई."

मला ती पट्टी चांगली फिकी निळी दिसत होती. पहाटेच्या आभाळासारखी. त्यांनी अजून पूड टाकली. पट्टी बुडवली. "कोरीच आहे." अजून टाकली.

"मास्तर, बस झालं," मी म्हटलं.

"तुले काय समजते रंगातलं?"

मला समजत होतं. पण मी गप्प बसले. त्यांनी चौथ्यांदा पूड टाकली आणि पूर्ण रीळ चौकटीला गुंडाळून हौदात सोडलं. बाहेर काढलं तेव्हा पाणी टपकत होतं ते दौतीतल्या शाईसारखं. शेठ तिथेच होते.

"हे काय मास्तर?"

"ओलं आहे म्हून तसं. वायलं की उतरते."

दुसऱ्या दिवशी वाळलेलं रीळ भिंतीवर लावलं. भिंत काळी-निळी झाली आणि तशीच राहिली. मधे एकदा कंदिलाची ज्योत दिसली, मग तीही नाही. शेठनी मागे वळून माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवरा उठून उभा राहिला.

"शेठ, या टायमाले इंजिनाचं नाव नोका घेऊ."

शेठ बाहेर गेले. धुणारी माणसं त्यांच्या मागे गेली. नवरा इंजिन बंद करायला गेला. मी आणि मास्तर राहिलो. कालच्या पट्ट्या मी खिडकीत ठेवल्या होत्या. पहिली पट्टी आणि एक न बुडवलेली कोरी, दोन्ही मी त्यांच्या हातात दिल्या.

"मास्तर, यातली कोरी कोणती?"

ते दारात गेले. उन्हात धरल्या, उलटून पाहिल्या, जवळ नेल्या, लांब धरल्या.

"दोनी कोऱ्या."

"एक निळी आहे. काल तुमी पहिल्यांदा बुडवली होती ती."

मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. ते म्हणाले नाहीत. पट्ट्या हातात धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी निळ्याबद्दल विचारलंच नाही.

"छपाईचे आकडे?"

मी टेबलावरची कार्डं सारखी करू लागले.

"बाई, मी तुले आकडे विचारून राहिलो."

"बदलले."

"कवापासून?"

"पोळ्यापासून."

"किती?"

"आधी तीन कमी करत होते. आता तुमचा आकडा ऐकतच नाई."

त्यांनी पट्ट्या टेबलावर ठेवल्या, एकावर एक, कडा जुळवून. टोपी घातली. तो बुधवार होता, तरी ते स्टेशनकडे चालू लागले. मागच्या खोलीला कुलूपही लावलं नाही.

शेठनी विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. पण ते म्हणाले, "म्हणजे सहा महिने छपाई तूच करून राहिली?" मग म्हणाले, "सहावं रीळ परत छाप. रंगही तूच लाव." तंबू ठरले होते. दुसरा माणूस नव्हता.

मास्तर आठ दिवस आले नाहीत. पंधरा दिवस आले नाहीत. रविवार पाहून मी नवऱ्याबरोबर अकोल्याला गेले. घर जुन्या शहरात होतं, मोर्णा नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात. त्यांच्या बायकोने दार उघडलं, पाणी दिलं, चहा ठेवला. मास्तर ओसरीत बाजेवर बसले होते. आवाजावरून ओळखलं असावं, कारण त्यांनी मान वळवली ती जरा उशिरा.

मी म्हटलं, "मास्तर, मी चुकले."

"काय चुकली?"

"तुमाले न सांगता केलं."

"काहून नाई सांगतलं?"

"तुमाले वाईट वाटीन म्हून."

"मले वाईट वाटीन म्हून," ते म्हणाले. "सहा महिने मी आकडे बोलत होतो आन् तू आपल्या मनानं लिहीत होती. मी येड्यावानी बोलत होतो. तुले हसू नाई आलं?"

"नाई."

"माह्या मनात शंका आली होती," ते म्हणाले. "मागच्या उन्हाळ्यात. डोयापुढं धुकं येते असं वाटे. मग चित्रं चांगली येवाले लागली. मी म्हटलं, माहे आकडे बरोबर आहेत तर डोयेही बरोबर आहेत. तू मले तेच सांगतलं ना? रोज सांगतलं."

 त्यांची बायको दारात उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली की डोळ्याचा डॉक्टर अकोल्याला हिवाळ्यात येतो, महिनाभर असतो. या वर्षी येऊन गेला. ती जा म्हणत होती, पण हे म्हणाले, माझं काम चांगलं चालू आहे.

आम्ही चहा पिऊन निघालो. गाडीत नवरा म्हणाला, "आपन दोघंही गप्प होतो." ते खरं होतं, पण लिहिणारा हात माझा होता.

त्या वर्षीचं सगळं काम मी केलं. शेठच्या चित्राच्या तीन प्रिंटा निघाल्या. रात्र फिकी निळी ठेवली, चेहरे उजळ ठेवले. तंबूवाल्यांची तक्रार आली नाही. बार्शीटाकळीचा माणूस पेटी न्यायला आला आणि मला काचेपाशी बसलेली पाहून दारातच थांबला. मग शेठना विचारलं, "हे बाई छापते?" शेठ म्हणाले, "चित्र पाह्य आन् मग बोल." त्याने पाहिलं. पेटी उचलून घेऊन गेला.

पुढच्या हिवाळ्यात मास्तरांचे डोळे कापले. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. त्या वेळी कापल्यावर आठ-दहा दिवस डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून उताणं निजवत. हलायचं नाही, खोकायचं नाही. उजवा डोळा सुधारला. डावा गेला. त्यांच्या बायकोने सांगितलं, डॉक्टर म्हणाले की डावा फार दिवस राहिला. वर्षभर आधी आला असता तर काय झालं असतं, हे डॉक्टर बोलले नव्हते, आणि मी त्यांच्या बायकोला विचारलं नाही.

चैत्रात मास्तर परत आले. चष्म्याची काच बोटाएवढी जाड, त्यामागे डोळा मोठा दिसायचा. गोदामात शिरले आणि आधी स्वतःच्या धोतराकडे पाहिलं.

"सगळं निळीत बुडवल्यावानी दिसते," ते म्हणाले. "भिंतही निळी, तुमीही निळे. डाक्टर म्हणते, हेच खरं आहे. आधी पिवयं दिसत होतं ते खोटं."

मग म्हणाले, शेठचं चित्र लावा. आठही रिळं.

आम्ही लावली. ते भिंतीजवळ खुर्ची ओढून बसले. मी मागे उभी होते. दोन तास एकामागून एक रिळं बदलत गेली. शेवटचं संपल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आकडे बरोबर आहेत. एकही चूक नाई."

मला बरं वाटलं.

"पण तू सगळे चेहरे एकासारखे केले," ते म्हणाले. "पोरगी उन्हात आहे, चेहरा तेवढाच. झोपडीत गेली, चेहरा तेवढाच. नाकेदार झाडाखाली उभा आहे, त्याचाही तेवढाच. उन्हातून माणूस घरात शिरला तर एक घडी त्याचा चेहरा दिसला नाई पाहिजे. मग दिसला पाहिजे. तिथी मी एक आकडा चढवला असता. चुकवला असता मुद्दाम."

मी म्हटलं, "तुमी मले चेहरा पाह्य म्हणून सांगतलं होतं."

"हाव. ते पहिल्या महिन्याचं होतं. पुढचं सांगाचं राहून गेलं."

त्यांनी काचेपाशी परत बसावं असं मी म्हटलं. ते बसले, पण पद्धत बदलली. तुकडा काचेवर सरकवला की आधी मला विचारायचे, "तुहा आकडा?" मी सांगायची. मग ते आपला सांगायचे. एकच असला तर लिहायचा. वेगळा असला तर दोघांनी कारण सांगायचं. कधी ते ऐकायचे, कधी मी. कधी वाद वाढला की मास्तर म्हणायचे, "दोनी छाप," आणि मग भिंतीवर ठरायचं. कार्ड भरलं की ते हातात घेऊन चष्म्याजवळ नेऊन प्रत्येक आकडा वाचायचे. पहिल्या दिवशी मला ते लागलं. मग सवय झाली. मला वाटतं त्या दीड वर्षात मी जे शिकले ते आधीच्या चारांत शिकले नव्हते. पण आमच्यात पूर्वीसारखं हसणं-बोलणं झालं नाही. ते कामापुरतं बोलायचे. मी त्याहून जास्त मागितलं नाही.

मग बोलपट आले. आवाज असलेली फिल्म आमच्या यंत्रावर छापता येत नव्हती. तंबूवाल्यांनी एकेक करून मुकी चित्रं घेणं सोडलं. शेठनी वर्षभर वाट पाहिली, मग कारखाना बंद केला. यंत्र खोलून पेट्यांत भरलं तेव्हा मास्तर आले होते. प्रत्येक पेटीवर काय आहे ते त्यांनी स्वतः खडूने लिहिलं आणि संध्याकाळच्या गाडीने अकोल्याला गेले. निघताना माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तुह्या इंजिनाले मी लई बोललो." नवरा म्हणाला, "जाऊ द्या मास्तर." माझ्याशी ते एवढंच बोलले की हाताला औषधाचे डाग पडतात, तेल लावत जा.

पुढे चार-पाच वर्षांनी ते गेले. आम्हाला उशिरा समजलं. आम्ही अकोल्याला जाऊन त्यांच्या बायकोला भेटून आलो. तिने आमच्यापुढे पोहे ठेवले. ते शेवटपर्यंत एका डोळ्याने पेपर वाचायचे, असं ती म्हणाली.

नवरा पिठाच्या गिरणीवर इंजिन सांभाळू लागला. शेठनी मला गावातल्या आपल्या फोटो स्टुडिओत घेतलं, अंधाऱ्या खोलीत फोटो छापायला. लग्नाचे फोटो, शाळेचे फोटो, दुकानदारांचे फोटो. तिथे मी चौदा वर्षं होते. मी असतानाच दुसरे एक छपाईवाले ठेवले होते, नागपूरहून आलेले, वयाने मोठे, कामात मुरलेले. त्यांचे फोटो दिवसेंदिवस काळे पडायला लागले. ते ध्यानात आलं त्याच आठवड्यात मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की तुमचे डोळे दाखवून घ्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातला कागद ठेवला आणि शेठकडे गेले. म्हणाले, इथे बायका माणसाच्या कामात चुका काढतात. महिना संपायच्या आत नोकरी सोडून गेले. त्यांनी डोळे दाखवले की नाही, हे मला समजलं नाही.